कंडेलचा हिशेब

१९२० साली रायपूर जिल्ह्याच्या धमतरी तहसिलीतल्या कंडेल गावाने एक साधा हिशेब मांडला. सरकारी कालव्याचे पाणी हवे असेल तर दहा वर्षांचा करार करा, असे सिंचन खात्याचे म्हणणे होते. करार झाला की पाऊस पडो वा न पडो, पाणीपट्टी भरायचीच. गावकऱ्यांनी दहा वर्षांच्या पट्टीची बेरीज केली आणि त्यांच्या लक्षात आले की एवढ्या पैशांत गावातच एक मोठा तलाव बांधून होईल. पाणीपट्टी दहा वर्षांनंतरही संपणार नव्हती. तलाव मात्र पिढ्यान्‌पिढ्या गावाचाच राहिला असता.

लावलेला पैसा किती वर्षांत सुटतो, हा प्रश्न आज वाणिज्य शाखेचा विद्यार्थी ‘पेबॅक पीरियड’ या नावाने शिकतो. एकूण खर्चाला दर वर्षीच्या निव्वळ उत्पन्नाने भागायचे, की वर्षे हातात येतात. कंडेलच्या शेतकऱ्यांनी तो कोणत्याही पुस्तकाविना सोडवला. गंमत अशी, की समोर बसलेले सरकारही नेमका हाच प्रश्न सोडवत होते. कालव्यात घातलेले पैसे परत कधी येणार, या चिंतेतूनच तो दहा वर्षांचा करार जन्मला होता. पाणी एकच होते, वह्या दोन होत्या आणि दोन्हींतली उत्तरे जुळत नव्हती. ती का जुळली नाहीत, हे समजून घ्यायला छत्तीसगढच्या तलावांपासून सुरुवात करावी लागते.

रायपूर हे तलावांचे शहर. बूढा तालाब, महाराजबंध, कंकाली तालाब, तेलीबांधा ही नावे आजही तिथल्या पत्त्यांत येतात. नागपूरकर भोसल्यांच्या काळात छत्तीसगढचा कारभार रतनपुराहून चाले. बिंबाजी भोसले १७५८ ते १७८७ पर्यंत तिथे होते. त्यांच्यानंतर सुभेदारांचा अंमल आला, परगणे पडले, कमाविसदार आणि फडणीस नेमले गेले आणि मराठी दप्तर इथल्या गावांच्या वसुलीची नोंद ठेवू लागले. १८१८ मध्ये नागपूरच्या गादीचा कारभार इंग्रज रेसिडेंटच्या हाती गेला. कर्नल अ‍ॅग्न्यू छत्तीसगढचा सुपरिंटेंडंट झाला आणि त्याने मुख्य ठाणे रतनपुराहून रायपूरला हलवले. १८३० मध्ये मुलूख पुन्हा भोसल्यांकडे आला आणि १८५४ मध्ये नागपूरचे राज्य खालसा झाल्यावर कायमचा गेला. राज्ये बदलली, तरी पाण्याची व्यवस्था गावाकडेच राहिली.

त्यामागे जमिनीची एक जुनी रीत होती. छत्तीसगढच्या अनेक गावांत ‘लाखाबटा’ची प्रथा होती. ठरावीक वर्षांनी गावातली शेते एकत्र धरून पुन्हा वाटली जात, म्हणजे चांगली काळी कन्हार जमीन आणि हलकी मुरमाड भाटा जमीन सगळ्यांच्या वाट्याला आलटून पालटून येई. न्यायाच्या दृष्टीने ही रीत चोख होती. पैसा गुंतवण्याच्या दृष्टीने मात्र तिच्यात एक अडचण होती. आज ज्या बांधीवर घाम गाळायचा, ती पुढच्या वाटणीत शेजाऱ्याकडे जाणार असेल, तर तिथे विहीर कोण खोदणार? इंग्रज सेटलमेंट अधिकाऱ्यांनी या प्रथेवर हाच आक्षेप घेतला. पण त्याच प्रथेने दुसरी एक गोष्ट सोपी केली. एकाच्या शेताची सुधारणा जिथे बेभरवशाची, तिथे सगळ्या गावाच्या कामाचे तलावच अंगी लागणारे ठरत. वाटणी कितीही वेळा झाली तरी तलावाखालची जमीन गावातच राहणार होती.

तलावाचा परतावाही एका खात्यात मोजण्यासारखा नव्हता. आंघोळ, कपडे, गुरांचे पाणी ही सगळी ‘निस्तार’ची कामे त्यावर चालत. त्यात मासे आणि शिंगाडे निघत, काठच्या विहिरींना पाझर लागे. धानाला लागणारे पाणी या यादीतली केवळ एक नोंद होती. पावसाने आश्विनात ओढ दिली तर तलावाचे पाणी खालच्या बांध्यांना सोडायचे आणि लोंबीत दाणा भरून घ्यायचा. दहा वर्षांतून दोन-तीनदाच असा प्रसंग आला, तरी तेवढ्यातच तलाव आपले मोल दाखवून जाई.

विदर्भाच्या झाडीपट्टीतल्या वाचकाला हे नवे वाटणार नाही. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीत ज्यांना आज मामा तलाव म्हणतात, ते माजी मालगुजारी, म्हणजे गावचा सारा भरणाऱ्या जमीनदारांच्या काळातले, तलाव याच कुळीतले. कोहळी समाजाची तलाव बांधण्यातली हातोटी प्रसिद्ध आहे. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव हे तिचे ठळक उदाहरण. चांद्याच्या गोंड राजांनी तलाव बांधणाऱ्याला त्याच्या पाण्याखाली येणारी जमीन सवलतीने दिल्याची परंपरा सांगितली जाते. चंद्रपुरातले ‘तुकूम’ हे वस्तीचे नाव त्याच जातीच्या इनामाची आठवण देते. यातली हिशेबाची अक्कल बघण्यासारखी आहे. राजाच्या तिजोरीतून एक कवडीही जात नव्हती. बांधणाऱ्याचा खर्च त्याच्या स्वतःच्या शेतातून सुटत होता, आणि जेवढे पाणी पसरेल तेवढी त्याची जमीन वाढत असल्याने तलाव चांगला बांधण्याची त्याला आपोआप गरज पडत होती.

इंग्रजी अमलात रायपूरला पहिली मोठी गुंतवणूक आली ती लोहमार्गाच्या रूपाने. नागपूर–छत्तीसगढ रेल्वे मीटर गेजवर राजनांदगावपर्यंत १८८२ मध्ये पोहोचली. १८८७ मध्ये स्थापन झालेल्या बंगाल–नागपूर रेल्वेने ती विकत घेतली, रूळ रुंद केले आणि १८८८ मध्ये गाडी रायपुरात आली. १८९१ मध्ये हा मार्ग आसनसोलपर्यंत जोडला गेला. बैलांच्या तांड्यांवर आणि गाड्यांवर चालणारा धान्याचा व्यापार आता वॅगनवर चढला, आणि छत्तीसगढचा तांदूळ वऱ्हाडात नि मुंबईकडे जाऊ लागला.

रेल्वेत घातलेले पैसे कधी सुटणार, हा प्रश्न त्या काळात पुण्यातही गाजत होता. १८४९ मध्ये ग्रेट इंडियन पेनिन्सुला आणि ईस्ट इंडियन या कंपन्यांना सरकारने भांडवलावर ५ टक्के व्याजाची हमी दिली होती. रेल्वेने कमावले नाही तर फरक हिंदुस्थानच्या तिजोरीतून भरायचा. पहिली गाडी १८५३ मध्ये बोरीबंदरहून ठाण्याला धावली, आणि देशातल्या रेल्वेचा एकंदर ताळेबंद प्रथम नफ्यात आला तो १९०० च्या सुमारास. म्हणजे जवळजवळ अर्धे शतक व्याजाची तूट करदाता भरत राहिला. सार्वजनिक सभेच्या त्रैमासिकात गणेश व्यंकटेश जोशी यांनी, आणि पुढे रमेशचंद्र दत्तांनी, याच गोष्टीवर बोट ठेवले. दत्तांचा आग्रह होता, की रेल्वेवर ओतलेल्या पैशाच्या मानाने पाटबंधाऱ्यांना मिळालेला वाटा फारच तुटपुंजा आहे.

मग दुष्काळ आले. १८९६-९७ चा एक आणि १८९९-१९०० चा दुसरा. मध्य प्रांतात दोन्हींनी हाहाकार माजवला. तांदळाचा प्रदेश म्हणून मिरवणाऱ्या छत्तीसगढला दुसऱ्याचा फटका विशेष बसला, कारण तिथे धान सोडले तर शेतकऱ्याच्या हातात फारसे काही नव्हते. गुदामे रिकामी, रेल्वे हाताशी, पण विकत घ्यायला पैसे नाहीत. दुष्काळी कामांवर माती वाहणाऱ्या माणसांकडून सडका, तलाव, भराव तयार झाले. रायपूर–धमतरी ही अडीच फुटी रेल्वे १९०० सालीच सुरू झाली. अभनपूरहून तिचा एक फाटा राजिमला गेला.

लॉर्ड कर्झनने १९०१ मध्ये नेमलेल्या सिंचन आयोगाचा अध्यक्ष होता सर कॉलिन स्कॉट-मॉन्क्रीफ. आयोगाचा अहवाल १९०३ मध्ये आला, तोवर मध्य प्रांतात सरकारी पाटबंधारे जवळपास नव्हतेच. आयोगाने ते उभारण्याची शिफारस केली. पण पैसे कुठून आणायचे? इथे सरकारच्या वहीतली एक जुनी विभागणी पुढे आली. ‘उत्पादक’ कामे कर्ज काढून करायची आणि ‘संरक्षक’ कामे दुष्काळ निवारण निधीतून. हा निधी १८७८ पासून वर्षाला दीड कोटी रुपयांच्या तरतुदीने चालत होता.

उत्पादक कामाची कसोटी ठरलेली होती. काम पूर्ण झाल्यापासून दहा वर्षांच्या आत त्याच्या निव्वळ उत्पन्नातून भांडवलावरचे व्याज निघाले पाहिजे. १९१९ पर्यंत हा दर ४ टक्के धरला जाई, मग ५ झाला आणि १९२१ पासून ६. वरवर पाहता हा वसुलीचा नियम वाटतो. जरा आकडे घालून बघावेत. समजा कालव्यावर एक लाख रुपये लागले. वर्षाला ४ हजार निव्वळ उरले, की काम ‘उत्पादक’ ठरले. चार हजारांनी लाखाला भागले तर २५ वर्षे येतात. पण ते चार हजार तर कर्जाच्या व्याजातच गेले! म्हणजे पंचवीसच काय, शंभर वर्षांनीही मुद्दल जागच्या जागी. रायपूरच्या सदर बाजारातल्या सावकाराने याला वसुली म्हटले नसते. तो सवाई-दिढीवर, म्हणजे सव्वापट-दीडपट परतफेडीच्या बोलीवर, धान्य देई आणि हंगामाच्या शेवटी मुद्दल व्याजासकट खळ्यावरून उचलून नेई. सरकारची कसोटी त्याहून दयाळू होती, पण ती वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर देत होती. तिजोरीवर भार पडतो की नाही, एवढेच ती विचारत होती. दर ४ वरून ६ वर गेल्यावर तर त्याच कालव्याकडून पंचवीसऐवजी १६ वर्षे ८ महिन्यांचा वेग अपेक्षिला जाऊ लागला. पाणी तेच, जमीन तीच, फक्त लंडनच्या बाजारातले कर्ज महागले होते.

संरक्षक कामांचा मापदंड निराळा. दुष्काळात जेवढी मदत वाटावी लागली असती, तेवढा खर्च एका सिंचित एकरामागे वाचतो, असे धरून त्या एकरावर किती पैसा घालणे परवडेल हे काढायचे. टळलेला खर्च हीच कमाई, ही कल्पना तेव्हाच्या वित्त खात्याला अवघड जाई. न आलेला दुष्काळ वहीत लिहायचा कसा?

कसोटी पार करणारे कालवे हिंदुस्थानात होते. आर्थर कॉटनने १८४७ ते १८५२ दरम्यान धवलेश्वरमला गोदावरीवर बांधलेल्या बंधाऱ्याने भरघोस परतावा दिला. नाशिकहून निघालेल्या नदीने समुद्राजवळ जाऊन सरकारला श्रीमंत केले. याउलट कर्नूल–कडप्पा कालवा काढणाऱ्या मद्रास इरिगेशन कंपनीला ५ टक्क्यांची हमी असूनही तो धंदा आतबट्ट्याचा झाला, आणि १८८२ मध्ये सरकारने तो ताब्यात घेतला. फरक होता तो शेतकऱ्याच्या निकडीत. गोदावरीच्या त्रिभुज प्रदेशात कालव्याशिवाय धानाचा भरवसा नव्हता. जिथे कालव्याविनाही बहुतेक वर्षी पीक येते, तिथे कालव्याला गिऱ्हाईक नव्हते.

रायपूर याच दुसऱ्या गटात मोडत होते. वर्षाला साधारण पन्नास इंच पाऊस पडतो. धान लावण्यापासून निसवण्यापर्यंत बहुतेक वर्षी भागते. प्रश्न असतो शेवटच्या पंधरवड्याचा. शेतकऱ्याला कालवा हवा असतो तो फक्त वाईट वर्षी, आणि सरकारला व्याज भरायचे असते दर वर्षी. विम्याच्या हप्त्याचे गणित इथे नकळत शिरते: सुकाळात पैसे भरत राहिलात तरच दुष्काळात पाणी मिळेल. दहा वर्षांच्या कराराचा उगम हाच. एकदा गाव बांधले गेले की चांगल्या वर्षीचे उत्पन्नही सरकारच्या हाती पक्के.

दरम्यान बांधकामे उभी राहत होती. धमतरीजवळ रुद्री इथे महानदीवर बंधारा झाला आणि त्यातून महानदी कालवा निघाला. या कालव्याला पाणी पुरवण्यासाठी सिलारी नदीवर माडमसिल्लीचे धरण १९१४ ते १९२३ या काळात बांधले गेले. त्याचे वैशिष्ट्य म्हणजे त्याचे सायफन सांडवे. पाणी ठरावीक पातळीच्या वर चढले की सायफन आपोआप ओढ घेतो आणि जादा पाणी बाहेर पडते, दरवाजे उचलायला माणूस लागत नाही. शेजारच्या दुर्ग जिल्ह्यात बालोदजवळ तांदुला आणि सूखा नाल्याच्या संगमावर दुसरे मोठे धरण १९२१ मध्ये पूर्ण झाले. महायुद्धाच्या महागाईत हे सगळे चालले होते, आणि खात्याला आता गिऱ्हाईक हवे होते.

कंडेल हे त्या गिऱ्हाइकांच्या यादीत असायला हवे असे खात्याला वाटे. गावाचे मालगुजार छोटेलाल श्रीवास्तव आणि गावकरी करारावर सही करायला तयार नव्हते. स्थानिक इतिहासात पुढचा प्रसंग असा सांगितला जातो: १९२० च्या ऑगस्टमध्ये खात्याने गावावर कालव्याचे पाणी चोरल्याचा आरोप ठेवला आणि चार हजारांहून अधिक रुपयांचा दंड ठोठावला. गावकऱ्यांचे उत्तर रोखठोक होते. भर पावसाळ्यात, शेतात पाणी साचलेले असताना, चोरी कशाला करायची? वरच्या उदाहरणात एक लाखावरचे वर्षाचे व्याज चार हजार येते. एका गावाच्या दंडाची रक्कम त्याच घरात होती.

दंड भरायचा नाही असे ठरले. चळवळीच्या मागे उभे राहिले राजिमचे पंडित सुंदरलाल शर्मा, आणि धमतरीचे नारायणराव मेघावाले व नत्थूजी जगताप. यातली शेवटची दोन नावे वाचून मराठी वाचक थबकेल. भोसलेकाळापासून या मुलखात रुळलेली मराठी आडनावे छत्तीसगढच्या राष्ट्रीय चळवळीत ठिकठिकाणी भेटतात.

वसुलीसाठी जप्तीचे वॉरंट निघाले. गावातली गुरे सरकारी माणसांनी हाकलून धमतरीच्या बाजारात लिलावाला आणली. बोली लावायला कुणी पुढे आले नाही. आसपासच्या आठवडी बाजारांत नेली, तिथेही तेच. चारापाण्याअभावी जनावरे आजारी पडू लागली आणि त्यांच्या राखणीचा खर्च सरकारवरच बसू लागला. दंडवसुलीचा प्रयोगच अंगावर आला. सुंदरलाल शर्मा गांधीजींना आणायला कलकत्त्याला गेले. डिसेंबर १९२० मध्ये नागपूरच्या काँग्रेस अधिवेशनाआधी गांधीजी रायपूर आणि धमतरीला आले, असे इथला इतिहास सांगतो. तोपर्यंत सरकारने माघार घेतली होती, दंड रद्द झाला होता आणि गुरे परत मिळाली होती.

या घटनेला सत्याग्रहाच्या इतिहासात मानाची जागा आहे, आणि ती योग्यच आहे. पण ती हिशेबाच्या इतिहासातही वाचता येते. गावाने तलावाची तुलना पट्टीशी केली, तेव्हा त्यात काही गोष्टी धरल्या आणि काही सोडल्या. तलावासाठी गेलेली जमीन, दर काही वर्षांनी गाळ काढण्याची मेहनत, लागोपाठ दोन वर्षे पाऊस फिरकला नाही तर कोरडा पडणारा तळ, ही बाजू त्या बेरजेत नव्हती. खात्याने कालव्याचा हिशेब केला तेव्हा वाचलेले धान, न काढावी लागलेली कर्जे, न सोडावी लागलेली गावे यांना रुपयांत जागा नव्हती. खात्याला फक्त पट्टी दिसत होती. गावालाही फक्त पट्टीच दिसत होती.

पंधरा वर्षांनी बंगालमध्ये बरद्वान जिल्ह्यात दामोदर कालव्याच्या करावरून असाच झगडा झाला. तोही धानाचा, पावसाचा मुलूख. सुधारलेल्या जमिनीच्या वाढीव उत्पन्नातला वाटा सरकारला हवा होता आणि शेतकरी विचारत होते, की हे उत्पन्न वाढले आहे तरी कुठे. मध्य प्रांतातल्या कालव्यांचे तर व्याजही पाणीपट्टीतून पुरेसे सुटले नाही.

रायपुरात याच काळात परताव्याचा तिसरा एक प्रयोग चालू होता, आणि त्याच्या केंद्रस्थानी होते वामन बळीराम लाखे. १९०० मध्ये माधवराव सप्रे यांनी ‘छत्तीसगढ मित्र’ हे हिंदी मासिक पेंड्राहून सुरू केले, तेव्हा त्याचे प्रकाशक-मालक लाखे होते आणि सहसंपादक रामराव चिंचोलकर. तिघेही मराठी. मासिकाचे पैसे सुटले नाहीत. तीन वर्षांनी, १९०२ च्या अखेरीस, तोट्यामुळे ते बंद करावे लागले. सप्रे पुढे ‘दासबोध’ आणि टिळकांचे ‘गीतारहस्य’ हिंदीत आणणारे अनुवादक म्हणून ओळखले गेले. लाखे वळले सहकाराकडे. १९१२ च्या सहकार कायद्याने मध्यवर्ती बँका काढण्याची वाट मोकळी झाली आणि १९१३ मध्ये रायपूरची सहकारी मध्यवर्ती बँक उभी राहिली. लाखे दीर्घकाळ तिचे चिटणीस होते. सावकाराकडून सवाई-दिढीने काढलेल्या कर्जात बैलाची किंमत कधीच सुटत नसे. कमी व्याजाच्या कर्जात ती सुटू शकत होती. गणितातले भाज्य तेच राहिले, पण व्याजाने खाल्लेला तुकडा लहान झाला.

कालव्यांच्या हिशेबाची चौकट मोडण्याचे काम मात्र महाराष्ट्रात झाले. दख्खनमध्ये दुष्काळ टाळण्यासाठी काढलेले कालवे, दारणा धरणावरचे गोदावरी कालवे आणि १९२६ मध्ये पूर्ण झालेल्या भंडारदऱ्यावरचे प्रवरा कालवे, हेही सरकारी वहीत फारसे कमावते नव्हते. पण त्यांच्या काठावर ऊस उभा राहिला, गुऱ्हाळे चालली, कारखाने निघाले, मजुरी वाढली. गोखले अर्थशास्त्र संस्थेत धनंजयराव गाडगीळ यांनी या पट्ट्याची पाहणी केली. १९४८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अहवालात पाणीपट्टीपलीकडचे प्रत्यक्ष आणि अप्रत्यक्ष लाभ मोजून दाखवले होते. कालवा नसलेल्या शेजारच्या भागाशी तुलना करून त्यांनी विचारले, की या दोन्हींतला फरक कुणाच्या खिशात गेला? दोनच वर्षांनी त्याच प्रवरा खोऱ्यात लोणीला विठ्ठलराव विखे पाटलांनी सहकारी साखर कारखाना काढला, आणि त्याचे अध्यक्ष झाले ते गाडगीळच.

१९६४ मध्ये निजलिंगप्पा समितीने सुचवले, की सिंचन प्रकल्पांना व्याजाच्या टक्केवारीवर तोलणे सोडावे आणि समाजाला होणारा एकूण लाभ खर्चाच्या दीडपट आहे का ते पाहावे. कालवा ‘उत्पादक’ की ‘संरक्षक’ हा वाद त्यानंतर मंजुरीच्या कागदांतून मागे पडला. या नव्या मापाचा गैरवापरही झाला. लाभ फुगवून धरले की कोणताही प्रकल्प पास होतो, हे पुढच्या दशकांत राज्याराज्यांत दिसले.

छत्तीसगढच्या जुन्या धरणांना मात्र एक अनपेक्षित गिऱ्हाईक मिळाले. २ फेब्रुवारी १९५५ रोजी सोव्हिएत संघाशी करार होऊन रायपूरच्या पश्चिमेला भिलाईत पोलाद कारखाना ठरला. सोव्हिएत कर्ज अडीच टक्के व्याजाने, बारा वार्षिक हप्त्यांत फेडायचे होते. पहिली झोतभट्टी ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते सुरू झाली. पोलादाला पाणी बारमाही आणि खात्रीचे लागते, पावसाळा कसाही असो. तांदुला आणि त्याच्या जोडीचा गोंदली जलाशय यांनी ते दिले. पुढे सत्तरच्या दशकाच्या शेवटी महानदीवर गंगरेलचे धरण झाले आणि भिलाई, रायपूरची तहान त्यावर टेकली. शेतकऱ्याने ज्या कराराला नकार दिला, तसल्या दर वर्षीच्या पाण्याच्या बांधिलकीला कारखाना तयार होता, कारण त्याची गरज दर वर्षीची होती.

माडमसिल्ली धरणाला आता बाबू छोटेलाल श्रीवास्तव यांचे नाव आहे. त्यातून सुटलेले पाणी रुद्रीला येते आणि कालव्याने धमतरी, रायपूरच्या धानखाचरांत पोहोचते. मालगुजारी १९५१ मध्ये संपल्यावर गावोगावचे तलावही सरकारजमा झाले. त्यांचा गाळ कुणी काढायचा, हा प्रश्न झाडीपट्टीप्रमाणेच इथेही तेव्हापासून लोंबकळत आहे.

सरकारी वहीत पाणीपट्टीचा रकाना तेव्हापासून बारीक होत गेला. २०१९ मध्ये छत्तीसगढ सरकारने शेतकऱ्यांच्या सिंचन-कराची जुनी थकबाकी माफ केली. दुसरीकडे धानाच्या खरेदीचा रकाना फुगला. २०२३ पासून राज्यात एकरी २१ क्विंटलपर्यंत धान ३,१०० रुपये क्विंटल दराने घेतले जाते. एका एकराचे ६५,१०० रुपये होतात. कालव्याखालच्या एकरात २१ क्विंटल येण्याचा भरवसा अधिक असतो, पावसावरच्या भाट्यात कमी. कंडेलच्या परिसरातला शेतकरी आज कालव्याची किंमत काढायला बसला, तर पट्टीच्या पावतीकडे तो बघणारही नाही. आश्विनातल्या एका पाण्याने आपले किती क्विंटल वाचले आणि सोसायटीच्या काट्यावर त्यांचे किती झाले, एवढेच तो मोजेल. आणि ते पैसे देणारे सरकारच आहे.